पुडिंग आधी, मांस नंतर

ब्रिगहाउस
रविवार, १४ फेब्रुवारी १९८८

ट्रेव्हर,

आधीच्या कागदावर 'प्रिय' लिहून खोडलं होतं. हा दुसरा घेतला आहे, तेव्हा नुसतं ट्रेव्हरच.

तीन वर्षं तू लिहिलं नाहीस आणि मीही लिहिलं नाही. आजही लिहिणार नव्हते. पण दुपारी जेवणं झाल्यावर तुझ्या बाबांनी पेपर माझ्या नाकासमोर धरला. म्हणाले, "हे वाच, आपल्या पोराच्या देशाबद्दल छापलंय." आपल्या पोराचा देश! मी म्हटलं, पोराचा देश हाच, तो फक्त विसरलाय.

कुणीतरी रिकामटेकडा अमेरिकेत जाऊन लोकांना विचारत फिरला आहे, की इंग्लंडातल्या रविवारच्या रोस्ट जेवणातलं तुम्हाला काय काय ठाऊक आहे. भाजलेले बटाटे ठाऊक आहेत म्हणे, उपकारच झाले. ग्रेव्ही ठाऊक आहे, पण त्यांची पांढरी असते, खळीसारखी. पार्सनिप म्हणजे त्यांना पांढरं पडलेलं गाजर वाटलं. ब्रेड सॉस ऐकून एक बाई म्हणाली, "भिजवलेला पाव? घरात कोण आजारी आहे?" आणि बीफच्या चरबीत फुगवलेलं आपलं पिठाचं यॉर्कशर पुडिंग गोड असतं, जेवणानंतर वर क्रीम घालून खातात, असं पुष्कळांनी छातीठोकपणे सांगितलं.

बाबांना हसून हसून ठसका लागला. मला हसू आलं नाही. त्यांच्यातलीच एक माझ्या टेबलावर जेवून गेली आहे.

म्हातारी अजून तेच उगाळतेय म्हणशील. हो, उगाळतेय. तुम्ही येणार म्हणून क्रॅबट्री खाटकाच्या दुकानातून मी हाडासकट बरगडीचा सगळ्यात मोठा तुकडा आणला होता. अख्ख्या गल्लीने मला तो घेऊन चढ चढताना पाहिलं. आणि आपल्याकडे जसं वाढतात तसंच मी वाढलं. आधी पुडिंग, नुसतं, वर ग्रेव्ही ओतून. तुझ्या बायकोने एक खाल्लं. मी म्हटलं, अजून? ती म्हणाली, हो. अशी चार खाल्ली. मग मी बीफ घेऊन आले, तर तिने ताटावर हात आडवा धरला. "नको, मेव्हिस, माझं पोट भरलं." चार पुडिंगं हाणायची आणि माझ्या बीफला नको म्हणायचं!

तिला वाटलं असणार, एवढंच जेवण आहे. अमेरिकेतली, तिला काय कळणार. पण तू तिच्या शेजारी बसला होतास. पुढे मांस येतंय हे तिला सांगायला काय झालं होतं? तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास. मी एवढंच विचारलं, की तुमच्याकडे समोर वाढलेलं खायला शिकवत नाहीत का. कोणीही विचारलं असतं. तू उठलास, सोफ्यावर झोपलेल्या पोरीला बुटांसकट उचललंस आणि दारात मला म्हणालास, "आई, ती तुझं भलंच बघत होती. तुला नाही कळायचं." माझं भलं! चार पुडिंगं खाऊन!

असो. बाबा बरे आहेत. थंडीमुळे हात जरा जड झाला आहे, बाकी काही नाही. रविवारी ते अजून तुझी खुर्ची टेबलापाशी ओढून ठेवतात आणि जेवणं झाली की मी ती परत भिंतीला लावते. या उन्हाळ्यात ये. एक रविवार बाबांबरोबर जेव आणि जा. मला दुसरं काही नको.

आई


१३ मार्च, आयांचा रविवार

ट्रेव्हर,

आज चॅपलमध्ये सगळ्या आयांना डॅफोडिलची जुडी मिळाली. मला पाद्र्याच्या मुलाने दिली. ज्यांची मुलं आलेली नसतात त्यांना तोच देतो.

माझ्या पत्राचं उत्तर आलं. तुझं नाही, तुझ्या बायकोचं. सुरुवातीलाच 'डिअर मेव्हिस'. क्रॅबट्रीकडून मांस घेण्यात माझी हयात गेली, तोसुद्धा मला अजून मिसेस होलरॉइड म्हणतो. ही माझ्या मुलाची बायको, आणि मला मेव्हिस म्हणते. तिकडे अशीच पद्धत आहे म्हणाली होती. असेल. तिकडे पुडिंगही गोड असतं.

केल्सीला शाळेत वडिलांच्या देशातलं काहीतरी करून न्यायचं आहे, तर तुमच्या पुडिंगची कृती पाठवा, असं लिहिलं आहे. वर लिहिते, की तुमच्यासारखंच आमच्याकडेही असतं, त्याला पॉपओव्हर म्हणतात, सकाळी लोणी आणि जॅम लावून खातात. जॅम! तू तिथे बसून हे खातोस का रे?

कृती अशी. मैदा, अंडी, मीठ, आणि दूध अर्धं पाणी घालून. सरसरीत भिजव आणि झाकून ठेव. ट्रेमध्ये बीफचीच चरबी घालायची, लोणी नाही आणि तेल तर नाहीच नाही. चरबीतून धूर निघेपर्यंत ट्रे ओव्हनमध्ये तापू दे, मग पीठ ओत. चर्र असा आवाज आला नाही तर तिथेच समजायचं की बिघडलं. आणि फुगेपर्यंत ओव्हनचं दार उघडायचं नाही, घराला आग लागली तरी. तुला हे सगळं येतं. ओट्यापाशी स्टुलावर उभा राहून तूच पीठ फेटायचास. मग तिला माझ्याकडे का मागावं लागलं, हे मला कळलेलं नाही.

पॉपओव्हरचं मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "जॅममध्ये काय वाईट आहे? उरलेल्या पुडिंगवर सोमवारी माझी आई काकवी घालायची."

मी म्हटलं, "सोमवारचं वेगळं असतं."

"पोटाला काय माहीत सोमवार का रविवार," म्हणाले. सुनेची बाजू घ्यायची त्यांना हौस आहे.

केल्सीचा फोटो त्यांनी शेल्फवरच्या घड्याळाला टेकवून ठेवला आहे. नाक तुझं आहे. बाबांचीही सही मीच करते आहे, त्यांचा चष्मा सापडत नाही.

आई, आणि बाबा


१९ जून

ट्रेव्हर,

तुझी बायको मार्सी आणि केल्सी ऑगस्टमध्ये येणार आहेत असं कळलं. तू नाहीस. कारखान्यात नवीन यंत्रं बसवायची आहेत म्हणे. बसव बाबा. तुझे बाबासुद्धा गालिच्याच्या गिरणीत रंगखात्यात जन्मभर उभे होते, पण त्यांची आई आजारी पडली तेव्हा फोरमनला तोंडावर नाही म्हणून घरी आले होते. तेव्हाही यंत्रं चालूच होती.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. बाबांचा हात थंडीने जड झालेला नाही. जानेवारीत त्यांना झटका आला. उजवा हात अर्धाच राहिला आहे आणि त्या बाजूचं तोंडही जरा उतरलं आहे. सही करता येत नाही. चष्मा कुठे हरवलेला नव्हता, नाकावरच होता.

रविवारचं मांस घरच्या पुरुषाने कापायचं, हे तुला मी सांगायला नको. झटक्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांनी सुरी घेतली आणि तुकडा बशीतून निसटून टेबलक्लॉथवर पडला. आता मी स्वयंपाकघरातच त्याच्या फाका करते, पुन्हा जुळवून दोऱ्याने बांधते आणि अख्खा असल्यासारखा त्यांच्यापुढे ठेवते. ते दोरा कापतात, सुरी फिरवतात, आणि फाका आपोआप पडतात. "आज क्रॅबट्रीने चांगलं मऊ दिलंय," असं म्हणतात. त्यांना कळत नाही असं नाही.

हे गल्लीत कोणाला ठाऊक नाही. तुला सांगितलं ते दया येऊ दे म्हणून नाही, तिकीट काढ म्हणून. डॉक्टर म्हणतो, दुसरा झटका येणार, कधी ते सांगता येत नाही. यंत्रं वर्षभर तिथेच राहतील.

आई


रविवार, २८ ऑगस्ट

ट्रेव्हर,

तुझी बायको आणि मुलगी शुक्रवारी गेल्या. तुला सगळं तिच्याकडून कळलंच असेल. आता माझ्याकडूनही ऐक, कारण तू पेटवलेल्या काडीने घर कसं जळतंय ते तिला दिसलेलं नाही.

यावेळी मी नीट वागायचं ठरवलं होतं. बाबांना तसा शब्दच दिला होता. आणि पोरगी गोड आहे, ते कबूल करते. पुडिंग बघून म्हणाली, "आजी, हे तर हॅटसारखं दिसतं!" बाबांनी एक उचलून स्वतःच्या डोक्यावर धरलं. ग्रेव्ही ओतायच्या आधी, नशीब. मीसुद्धा हसले. मग मी मार्सीला प्रेमाने सांगितलं, "याच्यानंतर बीफ आहे हं. पोटात जागा ठेव यावेळी."

ती म्हणाली, "माहीत आहे, मेव्हिस. मागच्या वेळीही माहीत होतं."

"माहीत होतं?"

"ट्रेव्हरने विमानातच सांगितलं होतं. आधी पुडिंग येतं, मग मांस."

"मग चार का खाल्लीस?"

तिचा चेहरा लाल झाला. तिने बाबांकडे पाहिलं, मग ताटाकडे. मी म्हटलं, "बोल की. इथे कोणी परकं नाही."

"मांस पुरावं म्हणून," ती म्हणाली. "ट्रेव्हर म्हणाला, आमच्या घरी पुडिंग त्यासाठीच असतं. तुम्ही त्याला सांगायचात ना, जो जास्त पुडिंग खाईल त्याला जास्त मांस? तो खात सुटायचा. मग पोटात जागाच उरायची नाही. आणि उरली तरी ताटात एकच फाक यायची. बाकीचं बाबांना. तो म्हणाला, भर रविवारी मी उपाशी असायचो, पीठ खाऊन फुगलेला आणि उपाशी. मला वाटलं, तुमची अजूनही ओढाताण असेल. एवढं मोठं मांस माझ्यासाठी आणलंय. मी नको म्हटलं तर तुम्हाला दोघांना आठवडाभर होईल."

पेपरवाल्यांनी हिला गाठायला हवं होतं. अख्ख्या अमेरिकेत पुडिंग कशासाठी असतं हे हिला एकटीला ठाऊक आहे. आणि ते तू शिकवलंस.

मी काहीतरी बोलणार होते, पण बाबांकडे लक्ष गेलं. त्यांनी काटा खाली ठेवला होता. मी मांस आणून ठेवलं. त्यांनी दोरा कापला, सुरी फिरवली. केल्सीला वाढलं, मार्सीला वाढलं, मला वाढलं. मग तुझ्या रिकाम्या खुर्चीपुढे ताट सरकवलं आणि उरलेल्या सगळ्या फाका त्यात रचल्या.

मी म्हटलं, "क्लिफर्ड, तुझ्या ताटात काही नाही."

"माझं खाऊन झालं."

"अजून सुरू कुठे झालंय?"

"पुष्कळ वर्षं खाल्लं, मेव्हिस," म्हणाले. आणि बटाटा ग्रेव्हीत बुडवून खात बसले.

केल्सीने विचारलं, "आजोबा शाकाहारी झाले का?" कोणी हसलं नाही. मार्सी रडायला लागली. तिचा दोष नाही, हे मी लिहून देते. ती भोळी आहे, चांगल्या मनाने चार पुडिंगं खाल्ली आणि त्यावर माझ्या शिव्या खाल्ल्या. दोष कोणाचा ते मला बरोबर कळतं.

तू खोटं बोललास असं मी म्हणत नाही. आपल्या गल्लीत सगळ्याच घरांत तसंच होतं. रंगखात्यात वाफेत उभा राहणारा माणूस नुसतं पीठ खाऊन उभा राहील का? तो पडला असता तर तुला ती एक फाकही मिळाली नसती. पण ही गोष्ट तू बायकोला सांगितलीस तेव्हा बापाच्या ताटातलं बरोबर मोजलंस. माझ्या ताटात काय होतं रे? आठव. नाही आठवणार. मी स्वयंपाकघरात उभी राहून ट्रेच्या कोपऱ्यांना चिकटलेलं पीठ सुरीने खरवडून खायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, माझं झालं. तुझ्या गोष्टीत मी फक्त पुडिंग घेऊन येते. उपाशी असलेला तू एकटाच.

आई


९ ऑक्टोबर

ट्रेव्हर,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. 'मार्सीला मी गंमत म्हणून सांगितलं होतं, बाबांनी एवढं मनाला लावून घ्यायला नको होतं.'

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "गंमत होती तर मला का नाही लिहिली? मीही हसलो असतो."

सहा रविवार झाले. ते मांसाला हात लावत नाहीत. कापतात, मला वाढतात, तुझ्या ताटात रचतात. स्वतः पुडिंग खातात. सोमवारी त्याचाच खिमा करून वर बटाटा लावून भाजला, तर त्यातलाही फक्त वरचा बटाटा खाल्ला. मी ओरडले. मी म्हटलं, "डॉक्टरने तुला मांस खायला सांगितलंय, आणि तू अमेरिकेतल्या एका कृतघ्न माणसासाठी उपास करतोस!"

"तो खरं बोलला," ते म्हणाले.

"अरे, सगळेच बाप खायचे. क्रॅबट्रीचा बाप तर दोन वेळा वाढून घ्यायचा."

"त्याचं त्याला. मी कधी ट्रेव्हरच्या ताटाकडे पाहिलंच नाही, मेव्हिस. समोरच बसायचा तो. पाहायला काय लागत होतं?"

मग खिडकीबाहेर बघत बसले. त्यांचं ते उतरलेलं तोंड माझ्याने बघवत नाही.

कोट ढगळ व्हायला लागला आहे. मला तुझ्याकडून माफी नको, मला तुझं काहीच नको. रविवारी आपल्या दुपारी एक वाजता फोन कर. त्यांना बोलाव, मला नाही. 'बाबा, खा' एवढं म्हण. हवं तर म्हण, मला तिथे मांस पुष्कळ मिळतं, कंटाळा आलाय. काहीही म्हण. तुझ्या तोंडून गेलंय ते तुझ्याच तोंडून परत आलं तर ते ऐकतील. माझं ऐकत नाहीत.

आई


१३ नोव्हेंबर

ट्रेव्हर,

तू फोन केलास. बुधवारी, रात्री उशिरा, बाबा झोपलेले असताना. माझ्याशी हवेबद्दल बोललास. तिकडे बर्फ पडलं, इकडे धुकं आहे. मी म्हटलं, थांब, त्यांना उठवते. तू म्हणालास, "नको नको, झोपू दे, रविवारी करतो." मूर्ख बाई मी, त्यांना तसं सांगून बसले.

आज त्यांनी टाय बांधायला लावला. फोनला टाय कशाला, म्हटलं तर म्हणाले, "असू दे." जिन्याखाली फोनपाशी खुर्ची ठेवून घेतली. मी पुडिंगं ओव्हनमधून काढली तरी उठले नाहीत. म्हणाले, "आधी फोन होऊ दे, मग बसू." फुगलेली पुडिंगं खाली बसली. त्यांना काय, ती कुणासाठी थांबत नाहीत.

दोनच्या पुढे घंटी वाजली. डाव्या हाताने घाईघाईने उचलायला गेले आणि रिसीव्हर पडला. मी उचलून त्यांच्या कानाला लावला. ते म्हणाले, "हां, बोल रे पोरा." आणि मग त्यांचा चेहरा मी पाहिला. मार्सी होती. तू गॅरेजमध्ये गाडीखाली होतास म्हणे, हात तेलाने माखले होते. ते तिला म्हणाले, "बरं आहे, पोरी. जेवलो, हो. अगदी पोटभर." जेवले नव्हते. त्यानंतरही जेवले नाहीत.

मी फोन ओढून तिला म्हटलं, त्याचे तेलकट हात चालतील, फोन आपण पुसू. ती गेली आणि परत आली. म्हणाली, "तो म्हणतो, पुढच्या रविवारी नक्की." ती रडत होती. माझ्या मुलाऐवजी ही मुलगी माझ्याकडे रडते, अशी वेळ तू आणलीस.

तुला भीती वाटते का रे त्यांची? त्या माणसाला आता सुरीही धड धरता येत नाही.

आई


बुधवार, १४ डिसेंबर

ट्रेव्हर,

तू सुखरूप पोचल्याचं मार्सीने कळवलं.

विमानतळावर तू मला एक गोष्ट विचारलीस. तिथे लोकांसमोर मी उत्तर दिलं नाही. पण तुला ते कळायला हवं, म्हणून लिहिते.

बाबांच्या अंत्यविधीला तू आलास ते बरं केलंस. नवा कोट छान होता. चॅपल भरलं होतं, रंगखात्यातले जे जे जिवंत आहेत ते सगळे आले होते. नंतर चहाला क्रॅबट्रीने हॅम पाठवलं, चांगलं हाडाजवळचं, कारण हॅमशिवाय आपल्याकडे माणसाला पोचवलं असं कोणी म्हणत नाही. तू तीनदा घेतलंस. शेजारची मिसेस थ्वेट म्हणाली, बिचारा लांबून आलाय, भुकेला असेल. मी म्हटलं, हो, लहानपणापासून.

तू ते ऐकलंस, मला माहीत आहे.

मग तू म्हणालास, सोमवारचं विमान आहे, रविवारी घरीच जेवतो. जसं तू मला काही देत होतास. मी हो म्हटलं. मी क्रॅबट्रीकडे गेले आणि बरगडीचा तुकडा आणला. मागच्या वेळेएवढाच मोठा. त्याने विचारलं, दोघांसाठी एवढा? मी म्हटलं, एकासाठी. तुला बाबांच्या खुर्चीवर बसवलं, बशी तुझ्यापुढे ठेवली आणि सुरी दिली. यावेळी फाका करून बांधल्या नव्हत्या. तुझे हात धड आहेत.

तू सुरी हातात घेऊन टेबलभर बघत राहिलास. बटाटे होते, पार्सनिप होतं, कोबी होता, ग्रेव्ही होती. आणि तू म्हणालास, "आई, पुडिंग?"

मी म्हटलं, "केलं नाही."

तू दोन फाका कापल्यास. एक खाल्लीस. दुसरी अर्धी खाल्लीस आणि मग ताट सरकवून तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडलास. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला नाही. मला वाटलं तरी फिरवला नाही. त्यांच्या कानाला धरलेल्या फोनची मला आठवण झाली.

विमानतळावर तुझं विचारणं असं होतं, की आई, निदान त्या दिवशी तरी पुडिंग का केलं नाहीस, मी ते खायलाच थांबलो होतो.

ऐक. पुडिंग मांस पुरवायला करतात. हे मला तुझ्याकडूनच नीट कळलं. जेवणारे जास्त आणि मांस थोडं असलं, की आधी पिठाने पोट भरायचं, म्हणजे सगळ्यांना थोडं थोडं येतं. खाणारी माणसं असतात त्या घरात पुडिंग लागतं. मी माझा वाटा कधी घेतलाच नाही. तुझ्या बाबांनी त्यांचा ऑगस्टपासून तुझ्या ताटात ठेवला आणि जाताना तसाच ठेवून गेले. अख्खं बीफ तुझं होतं, ट्रेव्हर. वाटेकरी कोणी नव्हतं. मग पुडिंग कुणासाठी करायचं?

आई